मी रिकामी नाही

मी एक डीव्हीडी बोलतेय. बाकी काही सांगण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगते, मी रिकामी नाही.

हे ठणकावून सांगायची वेळ का आली? तर मध्यंतरी एका संगणकाने मला तोंडावर रिकामी म्हटलं. एकदा म्हटलं असतं तर चूकभूल म्हणून सोडून दिलं असतं. पण जितक्या वेळा त्याच्या पोटात गेले, तितक्या वेळा त्याने तेच ऐकवलं. आणि माझ्यात तेव्हा एका माणसाचा आवाज होता, जो जगात दुसरीकडे कुठेही उरलेला नव्हता. अशा वेळी कोणाच्याही अंगाचा तिळपापड होईल. असो, सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकची चकती, तिच्यावर रंगाचा पातळ थर, मग चकाकणारा थर, आणि वर पुन्हा प्लास्टिक. आम्ही बहिणी एका दांड्यावर एकमेकींच्या डोक्यावर बसून दुकानात आलो. कोणाच्या नशिबी सिनेमे आले, कोणाच्या नशिबी ऑफिसातल्या कंटाळवाण्या फायली. मला उचललं भोंगेरावांनी.

भोंगेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. घाऊक भाजीबाजारात ते लिलाव पुकारत. सकाळी बाजाराच्या एका टोकाला त्यांनी तोंड उघडलं की दुसऱ्या टोकाचा चहावाला दचकून कप खाली ठेवायचा. बाजाराने ठेवलेलं हे नाव त्यांनी कौतुकाने मिरवलं. घरी बायको आणि एकुलती एक लेक. दोघींचे आवाज बेताचेच, कारण त्या घरात मोठ्या आवाजाची जागा आधीच भरलेली होती.

त्यांनी एक कॅमेरा घेतला होता, छोट्या टेपचा. आणि टीव्हीखाली ठेवायला एक रेकॉर्डर. कॅमेऱ्यातून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी त्या रेकॉर्डरला जोडायच्या आणि टेपवरचं माझ्यावर उतरवायचं, हा त्यांचा सुट्टीच्या दिवसाचा उद्योग. उतरवून झालं की तीच टेप पुसून पुढच्या वेळी वापरायची. टेप वाया घालवणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यामुळे जे काही होतं ते फक्त माझ्यावर होतं. मला याचा तेव्हा फार अभिमान वाटायचा.

माझ्यावर काय नव्हतं! लेक सायकल शिकताना कुंपणावर जाऊन आदळली, ते. मांजरीने धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत पिल्लं घातली, ते. बायको स्टुलावर उभी राहून खिडक्यांच्या काचा पुसतेय आणि कॅमेऱ्याकडे फडकं झटकतेय, ते. आणि या सगळ्यावर भोंगेरावांचं धावतं वर्णन. ते स्वतः कधीच चित्रात आले नाहीत, कारण कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायला त्यांचा जीव धजत नसे. पण आवाज मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांचाच.

"अहो, जरा गप्प बसा ना!" बायको प्रत्येक वेळी म्हणायची. "पिल्लांचा आवाज घ्यायचाय की तुमचा?"

"पिल्लं काय बोलणार आहेत?" भोंगेराव म्हणायचे. "ही बघा, पाच नग, डोळे मिटलेले, माल एकदम ताजा!"

हे सगळं माझ्यावर कोरलं गेलंय. बायकोचं वैतागणंसुद्धा.

आता त्यांच्या एका सवयीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या सवयीतून घडलं. माझ्यासारख्या घरी भरलेल्या डीव्हीडीला शेवटी बंद करावं लागतं. त्याला फायनलाइज म्हणतात. एकदा बंद केली की तिच्यावर नवीन काही भरता येत नाही, पण मग ती कुठल्याही यंत्रावर, संगणकावरही चालते. बंद केली नाही, तर ज्या रेकॉर्डरवर भरली तोच तिला ओळखतो. बाकीच्यांना ती कोरी दिसते. रेकॉर्डर दर वेळी टीव्हीच्या पडद्यावर विचारायचा, बंद करू का? आणि भोंगेराव दर वेळी 'नाही'वर बोट दाबायचे.

बाजारात असा नियम होता की एकदा बोली बंद झाली, की त्या ढिगाला परत हात लावायचा नाही. कोणी कितीही गयावया केली तरी नाही. आयुष्यभर हा नियम पाळलेल्या माणसाला 'बंद' या शब्दाची धास्ती बसली होती. "अजून पोरगी मोठी व्हायचीय," ते रेकॉर्डरलाच सांगायचे. "आत्ताच कसलं बंद?"

लेकीचं शाळेतलं नाटक भरलं. तिच्या पहिल्या नोकरीची सकाळ भरली. ती रंगांच्या दुकानात लागली होती, गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन आलं की डब्यात तोच रंग जुळवून द्यायचं काम. त्यानंतर कॅमेरा बिघडला, लेकीचं लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, आणि मी कपाटाच्या खणात जुन्या चार्जरांच्या शेजारी पडून राहिले. माझ्या काठाशी थोडी जागा कोरीच राहिली.

मग भोंगेरावांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. ते घरी आले तेव्हा गळ्याभोवती रुमाल होता आणि हातात पाटी. खणात पडल्या पडल्या मी वाट बघत होते की आता दारातून हाक येईल. ती आली नाही. त्या दिवशी मला घडलेलं समजलं आणि मी मनातून हादरले.

पुढच्याच वर्षी नात झाली. तिचं घरातलं नाव ठकू. आई दुकानात गेली की ठकू दिवसभर आजी-आजोबांकडे. आजोबांनी दोन टाळ्या वाजवल्या की आपल्याला बोलावलंय, एवढं तिला चालता येण्याआधीच कळत होतं.

लेकीच्या मनाने एकच गोष्ट घेतली होती. ठकूला आजोबांचा आवाज ऐकवायचा. फोनमध्ये होते दोन-चार व्हिडिओ, पण तो फोन बाथरूममधल्या बादलीत बुडाला होता. राहता राहिले मी. एका रविवारी तिने खण उपसला, मला शोधून काढलं आणि नवऱ्याच्या जुन्या संगणकात घातलं.

संगणक थोडा घरघरला आणि म्हणाला, ही डिस्क रिकामी आहे.

मी आतून ओरडत होते. पण माझं ओरडणं वाचायचं त्याला शिकवलेलंच नव्हतं. लेकीने मला बाहेर काढलं, मऊ कापडाने पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. दुसरा प्लेअर टाकून बघितला, शेजारणीच्या संगणकात घालून बघितलं. जिथे जाईन तिथे तोच अपमान.

"अगं, बाबांनी चुकून कोरीच ठेवली असेल," जावई म्हणाला. "हे बघ, विचारतंय, यावर काही भरायचं का. हो म्हणून तरी बघूया?" त्याचं बोट बटणावर गेलंसुद्धा होतं.

लेकीने त्याचं मनगट धरलं. "हात लावू नकोस!"

"अगं, एवढं काय?"

"आधी मला बघू दे."

तिने मला खिडकीशी नेलं आणि उलटी करून उजेडात तिरकी धरली. दिवसभर पांढऱ्यातले प्रकार ओळखणारे डोळे ते. माझ्या मधल्या भोकापासून काठाच्या अलीकडेपर्यंत एक छटा आहे, जरा गडद. आणि काठाशी एक अरुंद कडं आहे, जरा फिकं. बघणाऱ्याला पटकन दिसत नाही.

"हे दोन शेड आहेत," ती म्हणाली. "इथपर्यंत काहीतरी भरलंय. ही रिकामी नाही."

त्या क्षणी मी तिची झाले. भोंगेरावांची तर होतेच, पण तिची जास्त झाले.

संगणक दुरुस्त करणाऱ्याने मला बघून स्वच्छ सांगितलं, "ताई, ही फायनलाइज केलेली नाही. ज्या रेकॉर्डरवर भरली तो आणा, काम होऊन जाईल. नाहीतर अवघड आहे."

लेक तडक आईबाबांकडे आली. "आई, टीव्हीखालचा तो रेकॉर्डर कुठे गेला?"

"तुझ्या बाबांनी दिला ना भंगारात. दवाखान्यातून आल्या आल्या."

लेकीने बाबांकडे बघितलं. भोंगेरावांनी होकाराची मान हलवली आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

हे खोटं होतं. मला ठाऊक होतं, कारण माझा खण ज्या कपाटात, त्याच कपाटाच्या माथ्यावर तो रेकॉर्डर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. त्यांना तो टाकवतही नव्हता आणि बघवतही नव्हता. एकदा घरात कोणी नसताना भोंगेरावांनी मला हातात घेतलं होतं, बराच वेळ माझ्याकडे बघितलं होतं, आणि परत ठेवून खण लोटला होता. स्वतःचा गेलेला आवाज समोर बसून ऐकायचा, तोही सगळ्यांच्या देखत, याला छाती लागते. मला त्यांचा राग आला आणि फार वाईटही वाटलं.

लेक काही हटणारी नव्हती. तिने जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली, तसाच दिसणारा एक रेकॉर्डर मिळवला, त्यात मला घातलं. तो वेगळ्या बनावटीचा निघाला आणि त्यानेही मला बाहेर ढकललं. जावई म्हणाला, "आता सोड ना. बाबांनाही नको असेल कदाचित." लेक म्हणाली, "बाबांना नको असेल तर नको असू दे. मला हवंय. मी दुसरा शोधते."

शेवटी गाठ सुटली ती ठकूमुळे. दुपारची वेळ होती. भोंगेराव आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, लेक मला पाकिटात घालून आणखी एका दुकानात निघाली होती, आणि ठकू चपला घालता घालता विचारत होती.

"आई, आजोबा लहान होते तेव्हापासूनच बिनआवाजाचे होते?"

"नाही गं. खूप मोठा आवाज होता त्यांचा. सगळा बाजार ऐकायचा."

"तू ऐकलास?"

"मी तर ऐकलाच. आजीने ऐकला, शेजारच्यांनी ऐकला."

ठकूने चपलेचा पट्टा लावला. "म्हणजे मला सोडून सगळ्यांना दिला," ती म्हणाली. त्यात रुसवा नव्हता, साधा हिशेब होता.

आरामखुर्ची करकरली. भोंगेराव उठले, आत गेले, स्टूल ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चादरीचं गाठोडं होतं आणि सगळ्या सदऱ्यावर धूळ.

"अहो!" बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्ही तर भंगारात दिलात ना?"

भोंगेरावांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'खोटं बोललो.' मग ते पुसून लिहिलं, 'लाव.'

लावला. पण इतकी वर्षं झोपलेलं यंत्र, त्याचा ट्रे उघडेना. आतून नुसता गुरगुरायचा. लेकीने स्क्रू काढले. ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल होऊन लोंबत होता. बाजारात असे पट्टे आता मिळत नाहीत, म्हणून भोंगेरावांनी पाटीवर लिहिलं, 'कडकडीत पाण्यात टाक. आवळतो.'

"पट्टा शिजवायचा?" बायको म्हणाली. "एवढा एकच पदार्थ राहिला होता माझ्या हातचा." पण बोलता बोलता तिने पातेलं चढवलंसुद्धा.

शिजवलेला पट्टा चिमट्याने उचलला, पुसला, बसवला. ट्रे कण्हत कण्हत बाहेर आला. मी त्यात बसले आणि आत गेले. रेकॉर्डरची नजर अधू झाली होती. तो मला चाचपडत होता, पुन्हा पुन्हा मागे येत होता. मी मनात म्हटलं, बाबा रे, ओळख, तुझ्याच हाताने भरलंयस. पडद्यावर 'वाचत आहे' असं नुसतं लुकलुकत राहिलं. दोनदा त्याने मला बाहेर टाकलं. दोनदा लेकीने मला पुन्हा आत ढकललं, दातओठ खाऊन. तिसऱ्या खेपेला त्याने मला ओळखलं.

आणि मग त्याने तोच जुना प्रश्न विचारला. बंद करू का? यानंतर यावर काही भरता येणार नाही.

रिमोट भोंगेरावांच्या हातात होता. त्यांचं बोट सवयीने 'नाही'कडे गेलं आणि तिथेच थांबलं. बराच वेळ थांबलं.

"बाबा," लेक त्यांच्या गुडघ्याशी बसली. "राहिलेल्या जागेत आता काय भरणार आपण? आहे ते तरी मला माझ्या पोरीला देऊ दे."

भोंगेरावांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली. मग दुसरी. मग तिसरी. एक वार, दोन वार, तीन वार. लिलाव असाच बंद करतात. त्यांनी 'हो' दाबलं.

माझ्या अंगावरून लेसरचा किरण शेवटचा फिरला. तेवढ्या वेळात वीज गेली असती किंवा तो शिजवलेला पट्टा तुटला असता तर सगळं संपलं असतं. बायको बटणापाशी पहारा देत उभी होती, कोणाचा चुकून धक्का लागू नये म्हणून. मग ट्रे उघडला. मी बाहेर आले तेव्हा गरम होते.

त्याच दुपारी मला पुन्हा त्या संगणकात घातलं, ज्याने मला रिकामी म्हटलं होतं. या वेळी तो काही बोलला नाही. मुकाट्याने त्याने चित्रांची रांग मांडली. सायकल, पिल्लं, खिडकी, नाटक, नोकरीची सकाळ. जावयाने लगेच सगळ्याची एक नक्कल संगणकात ठेवली आणि एक वेगळी काढून घेतली. मी अंगाने थकले आहे, काठाशी दोन ओरखडे आहेत, किती वर्षं टिकेन सांगता येत नाही. पण आता मी एकटी नाही, म्हणून मला काळजी नाही.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण खणात पडलेली असेल. यंत्राने तिला रिकामी म्हटलं तर लगेच मान डोलावू नका. तिला उजेडात उलटी धरा, नीट बघा. तिला भरणारं यंत्र भंगारात देण्याआधी तिला बंद करून घ्या. आणि घरात कोणी व्हिडिओभर बडबड करत असेल, तर त्याला गप्प करू नका. करू द्या बडबड.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. ते माझ्यावर कोरलेलं नाही, म्हणून तोंडीच सांगावं लागेल.

संगणकासमोर ठकू बसली होती. नाटकाचं चित्र सुरू झालं आणि खोली दणाणली. "ते बघा! डावीकडून तिसरं झाड! ते आमचं आहे हो! काय उभं राहिलंय! जरासुद्धा हलत नाही पठ्ठी!"

ठकूने कान झाकले आणि खदाखदा हसली. "कोण ओरडतंय हे?"

"आजोबा," लेक म्हणाली.

"खोटं!"

तेव्हा दाराशी उभे असलेले भोंगेराव आत आले आणि ठकूच्या समोर, संगणकाला खेटून जमिनीवर बसले. लेकीने चित्र मागे नेऊन पुन्हा सुरू केलं. आवाज आला तसे त्यांचे ओठ हलू लागले. ते बघा. डावीकडून तिसरं झाड. ते आमचं आहे हो. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ठकू आधी पडद्याकडे बघत होती, मग आजोबांच्या तोंडाकडे बघू लागली आणि तिकडेच बघत राहिली. तिचं हसू थांबलं होतं.

चित्र संपलं.

"आजोबा, हे तुम्ही आहात?"

त्यांनी मान डोलावली.

"मग यात माझं नाव कुठंय?"

"तेव्हा तू नव्हतीस ना गं," लेक म्हणाली.

"मग आता घाला."

माझ्या काठाशी ते फिकं कडं अजून आहे. एक हाक मावेल एवढी जागा त्यात सहज आहे. पण मी बंद झाले होते, आणि आवाज तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाला होता. संगणकाच्या पोटात मी नुसती फिरत राहिले. इतकी हतबल मी खणातसुद्धा नव्हते.

भोंगेराव पुढे झुकले. ठकूचे दोन्ही खांदे त्यांनी धरले. त्यांचे ओठ उघडले आणि मग गोल झाले. आवाज कसलाही नाही. ठकू त्या ओठांकडे टक लावून बघत होती, कानात तो मघाचा आवाज ताजा होता.

"ओ, आजोबा!" ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा हाक मारली. तिने पुन्हा ओ दिली.